नाक्यावरचा माझा डिप्लोमा

आमच्या घराण्यात मॅनेजमेंट शिकलेला पहिला माणूस मी, आणि परीक्षेला बसायच्या आधीच पास झालेला अख्ख्या रायगड जिल्ह्यातला पहिला माणूसही मीच. खोटं वाटत असेल तर थळच्या अलीकडे आमच्या नाक्यावर या. पुरावा अजून उभा आहे.

हे सगळं काकांमुळे झालं. मिठागरं गेली तेव्हा काकांनी ट्रक घेतले आणि धंदा चांगला फुगवला. पण कंपनीतले साहेब लोक त्यांच्याशी बोलताना सारखे घड्याळ बघायचे, ते काकांना फार लागायचं. "आपल्यातल्या एकानं त्यांच्या भाषेत बोलाया पायजे," ते म्हणाले. "असं बोलाया पायजे, का सायबानं घड्याळाकडं बघायचंच इसरलं पायजे." घरात त्यातल्या त्यात रिकामा मी. अलिबागच्या रविवारच्या वर्गात माझं नाव घातलं गेलं. डिप्लोमा इन बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन. नाव एवढं लांब, की ते सांगेपर्यंत फाट्यावरून एसटी निघून जायची.

त्याच आठवड्यात काकांचा वाढदिवस आला. फ्लेक्स छापणाऱ्याकडे एकावर एक फुकट चालू होतं. फुकटचा फ्लेक्स वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. सकाळी उठून नाक्यावर जातो तर मी वर टांगलेला! चुलत बहिणीच्या हळदीत नाचतानाचा माझा फोटो, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर संगणकातून चिकटवलेली पदवीधराची काळी टोपी, आणि हळदीमुळे तोंड असं पिवळंधमक, की कावीळ झालेला कुलगुरूच. वर लिहिलेलं : 'डिप्लोमा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत सगळे नातेवाईक आणि आमचे दोन ट्रक. फ्लेक्स इतका प्रचंड, की थळच्या होड्या समुद्रातून माझा गॉगल बघून दिशा धरू लागल्या.

"काका, मी आत्ता कुठं फी भरलीय!"

"मंग? फी भरली म्हंजे पास व्हशीलच ना, बाला? आज न्हाय तं उद्या. तेवढ्यासाठी काय पुना छापायचा?"

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, नापास झालात ना, तर शिडी लावून तुमचं तुम्हीच उतरवा. मी खालून जाईन, पण ओळख दाखवणार नाही."

म्हणजे आता प्रश्न डिप्लोमाचा उरलाच नव्हता. नापास झालो तर मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, कारण ते तोंड आधीच सगळ्यांनी पाहिलं होतं.

शिवाय गावानं मला कामाला लावलं. शेजारची सुकी मासळी विकणारी आत्या आली. तिच्या दोन सुना बाजारात टोपलीशी कुणी बसायचं यावरून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. "तू म्यानेजर झालास ना? मिटव!" मी दोघींना समोर बसवून टीमवर्कवर असं काही व्याख्यान झोडलं, की दोघी एकदम उठल्या आणि एकीनं खराटा, दुसरीनं सुकट पाखडायचं सूप घेऊन मला विहिरीपर्यंत पळवलं. परत येताना दोघी खिदळत होत्या. आत्या खूश. "मिटलं रं! शिकल्याचा फायदा हाय!"

अभ्यास तर मी असा केला, की विचारू नका. ओटीवर बसून मोठमोठ्यानं पाठ करायचो. आमचा कोंबडा पहाटे 'प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग' आरवतो अशी शेजारून तक्रार आली. लेखी पेपर बरे गेले. उरली फक्त तोंडी.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक मुंबईहून येणार होते. बोटीनं मांडव्याला, तिथून गाडीनं अलिबागला. मी सगळा विचार केला होता. ती गाडी आमच्याच नाक्यावरून येणार, एवढाच केला नव्हता.

मी आत गेलो. परीक्षकांनी मला न्याहाळलं, मान तिरकी केली, पुन्हा न्याहाळलं.

"तुमच्याकडे गॉगल आहे?"

होता. खिशातून काढून लावला.

"तरीच! अहो, तुम्ही तर पास झालात ना? मग इथे काय करताय?"

मी गॉगल उतरवला. पण जीभ माझी नाही, काकांच्या घराण्याची. "सर, येताना रस्त्यात बंगल्यांचे फ्लेक्स पाहिले असतील. पोहण्याचा तलाव, कडेला नारळ, आरामखुर्चीत टोपीवाली बाई. मागं बघाल तर नुसतं भाताचं शेत आणि त्यात एक म्हैस. तसाच मी, सर. बुकिंग चालू, बांधकाम व्हायचंय."

परीक्षक पुढे झुकले. मग हळूच म्हणाले, "चोंढीच्या पुढे निळा फ्लेक्स आहे, तो?"

"व्हय सर."

"तिथे... अजून म्हैसच आहे?"

"आता दोन झाल्यात, सर."

त्यांनी समोरचं पाणी एका दमात संपवलं. "हे बघा," ते कडक आवाजात म्हणाले, "गिऱ्हाइकाला खरं सांगायला शिका. संध्याकाळी मी त्याच रस्त्यानं परत जाणार. फ्लेक्सवर खरं लिहिलेलं दिसलं तरच मी तुमच्या गुणांचा कागद भरणार."

बाहेर येऊन मी काकांना फोन लावला. "काका, फ्लेक्सवर खरं लिहायचंय! संध्याकाळच्या आत!"

"पेंटर हळदीला गेलाय."

"काहीही करा!"

संध्याकाळी त्यांच्या गाडीमागं मी मोटारसायकल हाणत नाक्यावर पोचलो. गाडी थांबली होती. काका हात जोडून उभे, आणि माझ्या पिवळ्या तोंडाखाली सुतळीनं बांधलेला, रस्तारुंदीच्या कामावरून उचलून आणलेला बोर्ड : 'काम प्रगतिपथावर आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

परीक्षक असे हसले, की खाडीवरचे बगळे उडाले ते चौलला जाऊन बसले. त्यांनी फोटो काढला. मग काकांनी त्यांना चहाला बसवलं, चहाचं जेवण झालं, आणि त्यांनी बुक केलेल्या जागेतल्या म्हशींच्या मालकाविषयी बोलण्यात दोघांचं असं जमलं, की त्यांची शेवटची बोट सुटली. काका मला कोपऱ्यात ओढून कुजबुजले, "बघितलंस? सायबानं येकदा पन घड्याळ बघितलं न्हाय!"

निकाल लागला. मी पास. पेढे घेऊन घरोघरी फिरलो, तर जो तो विचारतो, "आता कसले? तुझं तं कवाच झालं ना?" आत्याच्या सुनांनी शिळे समजून पेढ्यांचा वास घेतला.

निदान तो बोर्ड तरी काढा, म्हणून मी काकांच्या मागं लागलो. काका म्हणाले, "बोर्ड आपला न्हाय, बाला. रस्तावाल्यांचा हाय. रस्ता पुरा झाला का येतील न्यायला."

काल त्यांनी रस्ता पुन्हा खणायला घेतला.