सातवा ससा

खोटं बोलण्याच्या कामात माझ्या मावशीच्या यजमानांइतका नालायक माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नव्हता. आणि बेचाळीसच्या चळवळीत माझा जीव नेमका त्यांच्याच जिभेवर टांगलेला होता. काका हायस्कुलात रसायन शिकवत. कुणी "बरे आहात ना?" विचारलं, तर आधी स्वतःची नाडी मोजत. कांद्याच्या सालीतल्या पिवळ्या द्रव्यानं जखम लवकर भरते, असा त्यांना संशय होता. 'खात्री' म्हटलेलं त्यांना खपत नसे. बाजारातून पोत्यानं साली आणून ते स्पिरिटात भिजवत आणि आटवून पूड काढत. चातुर्मासात कांद्याला न शिवणारी मावशी नाकाला पदर लावून घरात वावरे. परसात सहा ससे होते. प्रत्येकाला दोन जखमा: एकीवर पूड, दुसरी कोरी. रोज जखमेच्या कडेनं दोरा लावायचा, तेवढाच कापून वहीत चिकटवायचा, म्हणजे जखम किती भरली ते दिसे.

बंदी घातलेली पत्रकं वाटताना पोलिसांपुढं पळालो आणि काटेरी तारेनं माझी पोटरी फाडली. सरकारी दवाखाना म्हणजे थेट बेड्या. म्हणून काकांच्या माळ्यावर लपलो. पाय सुजला, ताप चढला. साम्राज्याविरुद्ध आग ओकणारा मी, पाय कापावा लागेल या भीतीनं थरथरत होतो, आणि काका म्हणाले, "अर्ध्याच जखमेवर पूड लावीन. नाहीतर कळणार कसं?"

"अहो, तो ससा नाही!" मावशी ओरडली.

"वहीत ससाच," म्हणत त्यांनी सातवं पान उघडलं.

आठव्या दिवशी माझ्या शोधात हवालदार आला. फळ्यांच्या फटीतून मी बघत होतो. त्यानं वही चाळली, पिंजरे मोजले.

"मास्तर, वहीत सात हायेत, हितं सहाच. सातवा कुठं गेला?"

काका स्वतःची नाडी मोजू लागले.

"खाल्ला," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चातुर्मासात?"

"मेला होता," काका कसेबसे म्हणाले. "वाया... वाया जाऊ नये म्हणून."

"लई शिकलेली मानसं तुमी," म्हणत हवालदार हसत निघून गेला.

पाय वाचला. पूड लावलेला अर्धा भाग आधी भरला. मी पेटून म्हणालो, "काका, छापू या! गावभर वाटतो."

त्यांनी सातवं पान दाखवलं. तिथं हवालदार गेल्यावर त्यांनी 'मेला' असं लिहिलं होतं. "मेलेल्या सशाची जखम भरली, असं कसं छापू रे?"

आता काका नाहीत. परवा वहीचा पुठ्ठा उसवला, तर आत आठव्या दिवसापुढचे, माझ्या जखमेचे दोरे निघाले. सोबत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. रोज थोडे आखूड होत गेलेले. शेवटचा तांदळाच्या दाण्याएवढा.