धोंडू कंडक्टरने आखलेले थांबे

रत्नागिरी डेपोत त्या काळी तीन धोंडू होते. एक वर्कशॉपमधला, एक कॅन्टीनमधला आणि तिसरा धोंडू पाष्टे, कंडक्टर. गोष्ट ह्या तिसऱ्याची.

हातखंब्यापासून आत दोन मैल चालून गेलं की त्याची वाडी. शाळा सातवीपर्यंत, पण आवाज असा की भरलेल्या गाडीत मागच्या दारातून "सरका पुढे" म्हणाला की अगदी पहिल्या सीटवर बसलेली म्हातारीसुद्धा उठून उभी राहायची. बावीस वर्षं त्याने रत्नागिरी-चिपळूण रस्त्यावर तिकिटं फाडली. एकदा चिपळूणहून येताना धुक्यात ड्रायव्हर शिवा गोंधळला, कुठवर आलो तेच त्याला कळेना. धोंडूने मागून जागेवरूनच सांगितलं, आत्ता डाव्या चाकाला लागला तो शाळेसमोरचा खड्डा, आता दोन वळणं घे, मग बावनदीचा पूल. दोन वळणं झाली आणि पूल आला. असा रस्ता पाठ.

आणि गंमत बघा, ह्याच माणसाच्या मुलीला गाडी लागायची.

तीही साधीसुधी नव्हे. स्टँडवर डिझेलचा वास आला की तुळसाला मळमळायला लागायचं, आणि गाडी सुटल्यावर दहा मिनिटांत मान खिडकीबाहेर. धोंडूचा जीव तुटायचा. ती त्याच्या गाडीत आली की मागच्या दाराजवळची, कंडक्टरच्या शेजारची खिडकी तिची. तिथे मंत्री बसला असता तरी धोंडूने त्याला उठवलं असतं. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, आमसूल झालं, पोटावर घडी घालून वर्तमानपत्र झालं. धोंडूच्या बायकोने, सोनूबाईने, गावदेवीला नारळ बोलून ठेवला. देवीनेही मनावर घेतलं नाही. शेवटी अकरावी-बारावीला पोरीला रत्नागिरीत, मांडवीला, यमुनाबाई आत्याकडे ठेवली. तिथून ती चालत कॉलेजला जायची. डेपोत लोक म्हणायचे, धोंड्या, घरच्यांचा पास तुला देऊन सरकारने फुकट घालवला रे.

ह्या तुळसाला झाडांचं वेड. आत्याच्या शेजारच्या बागेत ती आंब्याची कलमं बांधायला शिकली. चाळीस बांधली, त्यातली एकतीस जगली, आणि हा हिशोब ती कुणी न विचारताही सांगायची. बारावी चांगल्या मार्कांनी सुटली, दापोलीच्या कृषी कॉलेजात अर्ज टाकला, आणि पंच्याऐंशी सालच्या जुलैत तिकडून पत्र आलं. बुधवारी दुपारी तीनच्या आत मूळ दाखले घेऊन समक्ष हजर राहावे, न आल्यास जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल.

पोरगी दिवसभर पत्र घेऊन नाचली. संध्याकाळी तिने बापाला विचारलं, दापोली किती लांब. धोंडूने खरं ते सांगितलं, दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिने पत्र घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि रत्नागिरीतच बी.एस्सी. करीन म्हणाली. सोनूबाईला बरंच वाटलं, मुलगी डोळ्यांसमोर राहील. धोंडूला मात्र ते पटलं नाही. गाडी लागते म्हणून कंडक्टरच्या मुलीचं शिक्षण राहिलं, हे त्याच्याने ऐकवलं नसतं.

त्याने एका जुन्या वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांचा हिशोब लिहायच्या कागदाच्या, पाठीवर प्रवास आखायला घेतला. युक्ती अशी, की सरळ दापोली गाठायचीच नाही. तोडून तोडून जायचं. पोट ढवळायच्या आत उतरायचं, काहीतरी बघायचं, तासाभराने मागची गाडी धरायची. मुलीला त्याने सांगितलं की ही सहल आहे. बावनदीला पुलावरून पुराचं पाणी बघायचं, आरवलीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं, परशुरामला डोंगरावरून खालची नदी बघायची, आणि काम उरकलं की दापोलीजवळच्या मुरुडचा समुद्र. त्याने ह्या जागांचं वर्णन इतकं रंगवून केलं की सोनूबाई म्हणाली, मग मी का घरी राहू. तुळसाला बापाची युक्ती कळत होती. पण तो इतका खुशीत होता की तिला नाही म्हणवेना.

बुधवारी सकाळी सहाच्या गाडीला हातखंब्याला बापलेक दोघं चढली. ह्या गाडीवर रघू कंडक्टर, धोंडूच्या हाताखाली शिकलेला. दादांची मुलगी म्हणून त्याने स्वतः उठून आपल्या शेजारची मागची खिडकी दिली. माणसं चढली, आणि धोंडूने सवयीने दोरी ओढून दोन घंट्या दिल्या.

"दादा," रघू म्हणाला, "आज तुमी पॅसेंजर. घंटी माझी."

निवळीच्या घाटात तुळसा दोनदा ओकली. बावनदीला उतरल्यावर ती पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि धोंडू तिला लाल पाणी कसं फिरतंय ते दाखवत राहिला. खाली बघितलं की तिला आणखी गरगरायचं, पण ते तिने सांगितलं नाही. तासाभराने दुसरी गाडी. पुन्हा मागची खिडकी, पुन्हा लिंबू, आणि आरवली येईपर्यंत पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं.

आरवलीला उतरल्यावर धोंडू रस्त्याच्या मध्येच थांबला. कुंड कुठे आहे ते त्याला माहीतच नव्हतं. छत्री घेऊन चाललेल्या एका माणसाला त्याने वाट विचारली. तो माणूस त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुमीच ना ते कंडक्टर? वीस वर्सं 'आरवली, गरम पाणीवाले उतरा' म्हणून आरडताव, आणि आज इचारताव कुठं हाय?"

तुळसा सकाळपासून पहिल्यांदा हसली. धोंडूने मग कबूल केलं. गाडी आरवलीला दोन मिनिटं थांबायची. लोक टॉवेल घेऊन उतरायचे, परतीच्या गाडीला ओल्या केसांनी चढायचे आणि पाणी कसं होतं ते सांगायचे. त्याची सगळी माहिती त्यांच्याकडची. बावीस वर्षांत ड्यूटीवर असताना ह्या रस्त्यावर त्याचे पाय चिपळूणच्या स्टँडवर काय ते टेकले.

दोघं कुंडात पाय सोडून बसली. ऊन पाण्याने पोरीला जरा बरं वाटलं, चेहऱ्यावर रंग आला. धोंडूने वेबिल बघितलं. सव्वानऊची गाडी, म्हणजे सगळं वेळेवर चाललं होतं. तो छाती काढून रस्त्यावर आला.

सव्वानऊची गाडी आली ती गच्च भरून, दारातसुद्धा माणसं. धोंडूने हात केला. कंडक्टर ओळखीचा नव्हता. त्याने दारातून मागच्या बाजूला बोट दाखवलं आणि गाडी निघून गेली.

"मागून येतेय म्हणतात," तुळसा म्हणाली.

धोंडूने डोकं खाजवलं. "मागून काय येत नाय गो. भरलेल्या गाडीतनं आमी तसं सांगतो. माणसाला बरं वाटतं."

"तुमी पण सांगता?"

"रोज सांगतो."

पुढची गाडी अकराला. म्हणजे परशुराम गेलं, मुरुड गेलं, आणि चिपळूणला, खेडला गाडी लगेच मिळाली तरच तीनच्या आत दापोली. तुळसा मैलाच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "आप्पा, रत्नागिरीची गाडी दहाला हाय ना? मी परत जाते. आजचं कसं तरी निभावंल, पण सणाला, सुट्टीला असं किती वेळा यायचं? तुमी किती ठिकाणी मला उतरवणार?"

धोंडू वेबिलाची घडी पुन्हा उलगडायला लागला. तेवढ्यात खेडकडे निघालेला एक ट्रक त्यांच्यापाशी येऊन थांबला. आत काशीराम, रेशनच्या तांदळाची पोती वाहणारा, चिपळूण स्टँडच्या चहाच्या टपरीवरची वीस वर्षांची ओळख.

"काय धोंडूशेठ," तो म्हणाला, "आज जमिनीवर?"

धोंडूने चार वाक्यांत हकिगत सांगितली. काशीरामने खेडच्या गोदामापर्यंत जातो म्हणून दार उघडलं. तुळसा जागची हलेना. ट्रकच्या नुसत्या वासाने तिने तोंडावर पदर घेतला होता. काशीराम खाली उतरला.

"कुठं बसवतोस हिला गाडीत?"

"मागं. माझ्या शेजारी. चांगली खिडकी देतो."

काशीराम एवढा हसला की त्याला खोकला आला. "मागच्या चाकाच्या मागं? अरे, तिथं गाडी पाळण्यासारखी हलते. तिथं बसवलंस तर मी पण ओकंन. माझ्या पोरी म्होरं बसतात, रस्त्याकडं बघत. वळण येतंय ते आधी दिसतं, मग पोट गप ऱ्हातं. तू काय येडा हायस काय?"

पोरगी सहा वर्षांची होती तेव्हापासून गाडीतली सगळ्यात वाईट जागा धोंडूने तिच्यासाठी राखून ठेवली होती. दुसरा कुणी बसला तर भांडून घेतली होती. त्याने नुसतं तुळसाकडे बघितलं.

तुळसाने अट घातली. वाटेतल्या सावर्ड्यापर्यंत यायचं. त्याच्या आधी पोट उमळलं तर तिथे उतरून परत फिरायचं, आणि मग आप्पांनी पुन्हा दापोलीचं नाव काढायचं नाही. धोंडूने कबूल केलं. ती पुढे डाव्या खिडकीला बसली, मध्ये धोंडू, आणि काशीरामने तिला सांगितलं की बाय, माझ्यासारखं पुढं बघ, जशी काय गाडी तूच चालवतेस. ती दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून रस्त्याकडे बघत राहिली. धोंडू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. काशीराम आपला त्याच्या सासुरवाडीच्या गोष्टी सांगत होता. एक गोष्ट संपली, दुसरी संपली, तिसरीत त्याचा मेहुणा विहिरीत पडला, तेव्हा तुळसा हसली आणि म्हणाली, "सावर्डं अजून आलं नाय?"

"सावर्डं केव्हाच गेलं," काशीराम म्हणाला. "चिपळूण येतंय."

परशुरामच्या घाटात काशीरामने धोंडूच्या आग्रहाखातर पाच मिनिटं ट्रक थांबवला. धोंडूने मोठ्या ऐटीत मुलीला कडेला नेलं. समोर पांढरं धुकं, हात लांब केला तर बोटं दिसेनात. पण धोंडू थांबतोय कसला. त्याने इकडे वाशिष्ठी नदी, तिकडे शेतं, मध्ये बेटं, असं सगळं धुक्यात बोट फिरवून दाखवलं.

"हे तरी बघितलंय तुमी?" तुळसाने विचारलं.

"नाय. पण भरवशाच्या माणसांनी सांगितलंय."

खेडच्या भरणे नाक्यावर काशीरामची वाट वेगळी झाली. आता शेवटचा तुकडा, दापोलीपर्यंत, आणि तो एसटीनेच. खरी परीक्षा इथे होती. गाडी आली, आणि धोंडू काही बोलायच्या आत तुळसा चढून सरळ पुढे गेली. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला एकाच माणसाची जागा रिकामी होती, तिच्यावर ती बसली. मधे माणसांची दाटी. धोंडू राहिला मागच्या दाराशी.

हा रस्ता त्याचा नव्हता. इथे त्याची ड्यूटी कधी लागलीच नव्हती. कुठलं वळण कधी येईल, घाट कुठे संपेल, काही ठाऊक नाही. त्याला दिसत होती ती तुळसाची फक्त वेणी. गाडी झाडीतून वर चढली, एकापाठोपाठ वळणं घेऊ लागली, वेणी डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मध्येच पुढून कुणीतरी ओकल्याचा आवाज आला. धोंडू माणसांना ढकलत पुढे निघाला. कंडक्टर ओरडला, अहो बसा जागेवर, पडाल. एवढ्यात दिसलं, की ओकत होता तो दुसऱ्या सीटवरचा जाडा गृहस्थ, आणि तुळसा मागे वळून त्याला आपल्या पिशवीतलं लिंबू देत होती. लिंबू देऊन ती पुन्हा पुढे बघायला लागली. धोंडू होता तिथेच दांडी धरून उभा राहिला. बावीस वर्षांत चालत्या गाडीत त्याला दांडी कधी धरावी लागली नव्हती.

दापोलीला ते पावणेदोनला उतरले. कॉलेजच्या कचेरीत दाखले तपासणाऱ्या बाईंनी पत्ता वाचला आणि विचारलं, हातखंब्याहून म्हणजे फार लांबून आलात, प्रवासात त्रास झाला का. तुळसा म्हणाली, झाला, पण आरवलीपर्यंतच. बाईंना काही कळलं नाही. त्यांनी शिक्का मारला आणि वसतिगृहाचा फॉर्म पुढे केला. तुळसाने उभ्या उभ्याच तो भरला.

बाहेर आल्यावर धोंडूने घड्याळ बघितलं. मुरुड अजून जमत होतं. पण तुळसा म्हणाली, समुद्र मांडवीला दोन वर्षं रोज बघितला, मला इथली रोपवाटिका बघायचीय. मग दोघं पावसात छत्री धरून कलमांच्या ओळींमधून हिंडली. तिथल्या माळ्याला तिने आपली एकतीस कलमं ऐकवलीच. तो म्हणाला, चाळीसात एकतीस, बरी आहेत. तिला ते 'बरी' लागलं, आणि कुठे चुकलं असेल ते ती त्याला खोदून खोदून विचारत राहिली. धोंडू बाजूला उभा राहून मनातल्या मनात पुढचं आखत होता. परतताना त्याने ते बोलून दाखवलं. सोमवारी सामान घेऊन तो रजा टाकून सोडायला येईल, गणपतीला तोच न्यायला येईल, गाडी भरणे नाक्याला बदलायची, तिथून चिपळूण...

"आप्पा, सोमवारी या. ट्रंक जड हाय," तुळसा म्हणाली. "गणपतीला मी एकटी येईन. इथून थेट रत्नागिरीची गाडी हाय दुपारची. हातखंब्याला उतरेन."

"थेट? इथून? कुणी सांगितलं?"

"ड्रायव्हरकाकांनी. पुढं बसलं की सगळं कळतं."

रत्नागिरी डेपोची पाटी न् पाटी पाठ असलेल्या धोंडूला ही गाडी माहीत नव्हती. ती दापोली डेपोची होती. तो रोपवाटिकेच्या फाटकात थांबला, छत्री मुलीच्या हातात दिली, वेबिल काढून त्याची मोकळी कड शोधली आणि कानामागचं पेन घेतलं.

"सांग," तो म्हणाला. "किती वाजता सुटते?"