फुलं पडत असताना कोण जाळतं?

आधी बातमी आली, मग फोन. 'मोहफुलांसाठी लावलेल्या आगीत वृद्धेचा मृत्यू.' खाली सालेकशाजवळच्या आमच्या गावाचं नाव. तेवढ्यात मामा… "मामी गेली गा, बापू." रडायच्या आधीच मामी गुन्हेगार ठरली होती.

सुगरता मामी काही वनदेवी नव्हती. तिच्या शेळ्यांनी गावामागच्या माळावर झुडूप सोडलं नाही, सरपणासाठी ती ओल्या फांद्याही तोडायची. जंगल वाचवायची पत्रकं वाटणारा मी रागावलो की खेकसायची, "मंग चूल का तुह्या पत्रकावर पेटवू?"

पण तो माळ जिवंत होता. विरळ मोह, मधे गुडघाभर गवत, पावसाळ्यात त्यातून मुसळी, रानहळद, नावं माहीत नसलेली किती फुलं. गुरं चरायची. मोहफुलं पडायच्या आधी, ती वेचता यावीत म्हणून, बायका आपापल्या झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायच्या. ती आग झाडाखालीच विझायची. वनखात्याच्या साहेबांना मात्र दाट झाडी नाही म्हणजे जमीन पडीक! चर खणले, लागवडीच्या रांगेत येणारे मोह तोडले, सागवान लावलं. चराई बंद, आग बंद. सागवान अर्धं मेलं. न चरलेलं गवत वर्षानुवर्षं वाळत साचलं, उरलेल्या जागेत घाणेरीची काटेरी जाळी माजली. तिच्याखाली मुसळी शोधून दाखवा! आणि याला म्हणायचं हिरवळ.

यंदा सडकेकडून आग आली. एवढं सरपण आयतं रचून ठेवलेलं, माळ भडकणारच. मामी खराटा घेऊन आपल्या मोहाकडं धावली… धुरातून परतली नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी अंगणात खुर्चीवर बसून विचारलं, "बाईनंच लावली ना?" जन्मात कुणाला उलटून न बोललेला मामा उठला. "फुलं पडून रायली होती, साहेब. झाडाखाली सडा होता. आपलीच फुलं कोन जाळते?" साहेबांनी चहा संपवला. अहवालात आग मामीचीच आहे.

तेंदूपानाचा हंगामही आता सरत आला. मामीनं आगीच्या दिवशी पहाटे वेचलेली फुलं अंगणात पसरलेली आहेत, वाळून काळी पडलेली. परवा मी सुपात भरायला बसलो, तर मामानं हात धरला.

"राहू दे गा. साहेब परत येतीन, तं पायतीन."