अर्लिसच्या कातडीचे पैसे

व्हर्ना आणि मी, आम्ही दोघी अमेरिकेत टोलेडोला एकाच शाळेच्या बस चालवतो. तिचा नवरा अर्लिस जन्मभर लोकांच्या छपरांवर उन्हात राबला आणि शेवटी त्याला कातडीचा कॅन्सर झाला. त्याच्या उपचारांसाठी व्हर्ना दरवर्षी ऑफिसात सांगून पगारातून पैसे कापून ठेवायची. त्यांवर कर नाही, पण ते दुखण्यावरच खर्चायचे, आणि डिसेंबरअखेर उरले तर बुडाले.

ऑक्टोबरात अर्लिस गेला. पैसे उरले. व्हर्ना रडली नाही. वेळेवर बस काढायची, पोरांना "बसा रे" म्हणायची, बस्स. मला तर तिची भीतीच वाटायला लागली.

नाताळ तोंडावर आला तशी मी तिला धरलं. "अगं बाई, राबायचं तू आणि पैसे ऑफिसच्या घशात?"

"जाऊ देत."

"तोंडावरच्या सुरकुत्या तरी घालवून घे!"

"त्याला हे पैसे चालत नाहीत. दुखणंच लागतं."

"मग पाठीवरचा तो तीळ? अर्लिस मागे लागला होता ना, दाखवून ये म्हणून?"

मी तिला सरळ गाडीत घातलं आणि स्किनच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तीळ काढला, तपासायला पाठवला. म्हणाल्या, "महिन्यातून एकदा कुणीतरी पाठ नीट बघायला हवी. घरी कोण बघतं?"

"अर्लिस," व्हर्ना म्हणाली, आणि पैसे भरायला त्याच पैशांचं कार्ड काढलं.

परतताना मी खुशीत. "चला, बुडाले तर नाहीत!"

"पुढच्या वर्षीचेही कापायला सांगितलेत," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नोव्हेंबरात ऑफिसनं विचारलं, मी नेहमीचा आकडा सांगून टाकला. आता बदलता येत नाही म्हणतात."

एरवी मी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण नोव्हेंबर म्हणजे अर्लिसला जाऊन जेमतेम महिना. मी गाडी चालवत राहिले.

घराशी आल्यावर ती उतरेना. सीटबेल्ट सोडला, तशीच बसून राहिली.

"दर एक तारखेला पाठ बघायचा तो. स्वयंपाकघरात, दिव्याखाली. मी कॉफी करायचे." मग म्हणाली, "तू येशील?"

"येईन की गं," मी म्हटलं, आणि रडू मलाच फुटलं. तिनं समोरच्या खणातून कागदी रुमाल काढून माझ्या हातात दिला.