परातीतलं इंजिन

बेसा भागातल्या आमच्या नव्या घरात रंगाऱ्यानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि त्या वासानं मला लकडगंजच्या जुन्या अंगणात नेऊन बसवलं. यांची कापडगिरणी बंद पडून आठवडा झाला होता. माझ्या कणकेच्या परातीत रॉकेल ओतून यांनी मोपेडचं इंजिन खोलून ठेवलं होतं.

“काहून जी, परातच सापडली तुमाले?”

“थांब वं, धुऊन राहिलो ना.”

संध्याकाळी इंजिन जुळलं, गाडी फुरफुरली. धुरातच मी आनंदानं म्हटलं, “मारून या एक चक्कर.”

हे गाडीकडे बघत राहिले. “कुठं जाऊ वं?”

ती गाडी रोज फक्त गिरणीतच जायची, म्हणून यांनी तसं विचारलं, हे आज कळतंय. तेव्हा वाटलं, काम विचारताहेत. म्हटलं, “मेथी आणा.”

हे पिशवी घेऊन पायीच निघून गेले. अंगणात गाडी चालूच होती.