सडवा म्हणून ओतलेली कॉफी

कॉफी डब्यातच उगवते असं समजणाऱ्या माणसांशी मी सहसा भांडत नाही. त्या दिवशी भांडले, गल्ली गोळा होईस्तोवर भांडले, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

सेवाग्रामच्या रस्त्याला माझं कॉफीचं लहानसं दुकान आहे. राहते आंजीच्या बाजूच्या एका गावात, आईजवळ. चिखलदऱ्याला माझी एक मैत्रीण आहे. तिच्या शेताच्या उतारावर सासऱ्यानं लावलेली कॉफीची झाडं होती. यंदा व्यापारी आला, तिच्या कॉफीचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, नुसती कडू आहे, चव कुठंय हिला? मैत्रीण वैतागली. मला म्हणाली, "आता तूच काहीतरी कर. चव निघाली तर झाडं ठेवीन, नाई तर उपटून स्ट्रॉबेरी लावीन."

दोष झाडांचा नव्हताच. ही मंडळी हिरवी-पिवळी-लाल सगळी फळं एकत्र ओरबाडून उन्हात टाकायची. अरे, पीठ आंबवल्याशिवाय जिलेबी होते का? कॉफीच्या फळातल्या गरात साखर असते. हवा न लागू देता झाकून ठेवलं की ती साखर आंबते आणि तिचा आंबटगोडपणा आतल्या बीला लागतो. आंबणं जमलं तर भाजलेल्या कॉफीला पिकल्या फणसाचा वास येतो. जरा जास्त झालं की तीच कॉफी नासक्या ताकासारखी लागते. सगळा खेळ वेळेवर उघडण्याचा.

मैत्रिणीनं झाडांवर उरलेल्यातली फक्त लालभडक फळं वेचली आणि पोती एसटीनं पाठवली. आईनं आणि मी मिळून ती धुतली. निळ्या ड्रमात भरली, झाकण घट्ट लावलं, झाकणातून नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल पण हवा आत यायची नाही. जानेवारीची थंडी, म्हणून ड्रमाला बारदाना गुंडाळला आणि रिकाम्या गोठ्यात ठेवला. बाटलीत बुडबुडे यायला लागले तेव्हा मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवल्या.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. कागदावर! नाल्याच्या काठानं मोहफुलं कुजवून त्यांचा सडवा करतात, तो भट्टीवर चढवून दारू गाळतात, आणि ज्यांनी धाड घालायची ते तिकडून नाक दाबून जातात. म्हणून आमच्या गावच्या बायकांनीच कंबर कसली आहे. सडव्याचा वास लागला की काठ्या घेऊन जायचं आणि ड्रम तिथंच उलटा करायचा. मीही त्यांच्यासोबत गेलेली आहे.

दुकानातून घरी आले तर अंगणात त्याच बायका. ड्रम आडवा. माझी फळं नालीत, आणि कोंबड्या त्यात चोची मारताहेत.

"हे काय करून ठेवलं वं तुमी!" मी किंचाळले.

"सडवा होता," एकजण काठी टेकत म्हणाली. "दारू गाळून राह्यली काय तू?"

"कॉफी हाय ते! कॉफी!"

"कॉफी पुडीत येते, बाई. ड्रमात नाई येत."

मी चिखलातलं एक फळ उचललं, त्यांच्यासमोर चिरडलं, आतली बी काढून तिच्या नाकाशी धरली. बी पाहून तिचा चेहरा पडला. पण हार मानेल तर शपथ! "मंग गोठ्यात दडवून काऊन ठेवलं व्हतं?" म्हणाली. दडवून? दडवायचं असतं तर आईच्या डोळ्यांदेखत भरलं असतं का? मी नको नको ते बोलले. बायका खाली मान घालून निघून गेल्या.

मग माझं लक्ष आईकडे गेलं. ती दारात उभी होती. सगळा वेळ तिथंच होती.

"माय, तुले त मालूम होतं ना? तू सांगितलं काऊन नाई त्यायले?"

"मीच बोलावलं त्यायले," आई म्हणाली.

मला वाटलं माझं डोकं फुटेल. "काऊन पण? तुह्या हातानं धुतली ना तू ते फळं?"

"धुतली. तवा वास नव्हता त्याले. काल रातीपासून घरभर सुटला. तुहा बाप पिऊन बाजूले येऊन पडे, तोच वास. साऱ्या जिंदगीभर मी त्या वासात झोपली. आता नाई झोपत."

"मले सांगायचं ना मंग! कॉफी होती ते!"

"तुहा बापई म्हणे, औषध हाय."

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ओरडता येत नाही याचाच इतका संताप आला की रिकाम्या ड्रमाला लाथ घातली. आई आत गेली आणि तिनं भाजी चिरायला घेतली.

मैत्रिणीला फोन करून खरं सांगितलं. गेल्या महिन्यात तिनं झाडं काढली.

बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. घरातलं सगळं पिऊन झालंच होतं ना तुझं? ती झाडं तरी सोडायची होतीस.