कानिफनाथच्या बंडीतलं लोखंड

तिसगावच्या अलीकडे, ओढ्याच्या कडेला राहणारा कानिफनाथ चालायला लागला की आधी खुळखुळाट ऐकू यायचा आणि मग माणूस दिसायचा. त्याच्या बंडीच्या खिशात लोखंड होतं.

सुरुवात एका चिमट्याने झाली. शेरडांमागे हिंडणाऱ्या पोराच्या पायात काटा मोडणारच, म्हणून बापाने लोहाराकडून बोटाएवढा चिमटा करून घेतला आणि त्याच्या करदोट्याला बांधला. मिसरूड फुटल्यावर मढीच्या जत्रेत त्याने शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू घेतला. त्या चाकूने तो दोर कापी, कांदा चिरी, बैलाच्या खुरात रुतलेला खडा उकरी. लग्नानंतर पानाची चंची आली, चंचीत अडकित्ता आला. विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं तेव्हा पाना आणि पक्कडही अंगावर चढले. बंडी एका अंगाला ओघळायला लागली, म्हणून बायकोने, केशरबाईने, आतून गोणपाटाचा खिसा शिवून दिला.

"कानिफदा, मावला असता तर बैलबी खिशात घातला असतास तू," शेजारचा भिमाजी म्हणायचा. हसणारे हसत, पण कुणाच्या बादलीची कडी निसटली की त्याच्याच दारात येत.

बहात्तरच्या दुष्काळात हा खिसा एकेक करून रिकामा झाला. विहिरीने तळ दाखवला, इंजिन गप्प पडलं, पाना-पक्कड फळीवर गेले. सुपारी बंद झाली, अडकित्ता गेला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाताना खिशात बोटांना गुंडाळायच्या चिंध्या असत, आणि चाकू. चाकू मात्र त्याच्याने सुटला नाही.

माघात लेक चांगुणा बाळंतपणाला आली. तिचं हे दुसरं. पहिलं चौथ्या दिवशी गेलं होतं. त्या खेपेला सटवाईने नेऊ नये म्हणून बाळाखाली लोखंड ठेवायला केशरबाईने चाकू मागितला, तर "मला कामाला लागतो" म्हणून कानिफनाथ तो घेऊन रानात गेला होता. त्यावरून त्याला घरात कुणी एक शब्द बोललं नाही. पण तो शब्द त्याच्या आत कायम होता. म्हणून या वेळी मुलगी झाल्याचं कळताच त्याने स्वतःहून चाकू उंबऱ्यावर ठेवला. केशरबाईने बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवला आणि चाकू बाळाच्या गोधडीखाली सारला.

"पाचवी होईस्तोवर हलवायचा न्हाई," ती म्हणाली.

चांगुणाला दूध आलं नाही. पोटात कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या पिठाशिवाय काही नव्हतं, दूध येणार कुठून? दारात एकच शेळी उरली होती. तिचं अर्धा पेला दूध पाणी घालून, कापसाच्या बोळ्याने बाळाच्या तोंडात पिळायचं, एवढ्यावर ते लेकरू धुगधुगत होतं. शेळीला चारा नव्हता. कानिफनाथ फड्या निवडुंगाची पानं जाळावर धरून काटे काढी आणि बारीक चिरून तिला घाली. दोन दिवस भिमाजीचा कोयता मागून भागलं. तिसऱ्या दिवशी तो कोयता आणायला गेला तर घराला कडी. सगळे कामावर गेलेले. घरातल्या विळीला निवडुंगाचा चीक लागू द्यायला केशरबाई तयार होईना. मग त्याने पानं दगडाने ठेचली. ठेचून लहान थोडीच होतात? लगदा झाला, गाठी तशाच राहिल्या. भुकेल्या शेळीने एक गाठ न चावताच गिळली.

ती मान लांब करून खोकली. तोंडातून फेस गळायला लागला. बघता बघता डावी कूस फुगून पाठीच्या वर आली. कानिफनाथने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. तरुणपणी एका म्हाताऱ्याला त्याने असा फुगलेला बैल कुशीत टोचून वारा काढताना पाहिलं होतं. तो धावत खोलीच्या उंबऱ्याशी गेला.

"केशर, चाकू दे! शेळीच्या नरड्यात अडकलंय."

केशरबाई दारात आडवी आली. "न्हाई. दोन दिस थांबा, पाचवी होऊ द्या."

"दोन दिस? ती दोन घटका थांबायची न्हाई!"

"मागल्या खेपेला काय झालं, इसरला?"

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मागे शेळीची धडपड ऐकू येत होती, पुढे बाळाचं बारीक कुरकुरणं. चाकू काढला तर सटवाई नेणार, न काढला तर भूक नेणार. दोन्ही वेळा दोष आपलाच. "तो विळा तरी दे," तो कसाबसा म्हणाला.

"इळ्यानं टोचाय येतंय व्हय? फाडून टाकाल तिला."

तेव्हा आतून चांगुणा बोलली. तीन दिवसांत ती मोठ्याने बोलली नव्हती. "आये, सर बाजूला. उपाशी मेली तर लोखंड काय करील?" तिने एका हाताने लेकरू छातीशी उचललं, गोधडीखालून चाकू काढला आणि जमिनीवरून उंबऱ्याकडे ढकलला. "दादा, लवकर करा," ती बापाला म्हणाली.

शेळी आडवी झाली होती. शेवटच्या बरगडीमागे चार बोटं मोजून कानिफनाथने पातं खुपसलं. पहिल्यांदा नुसतं रक्त आलं. मग घाण वासाचा वारा सुस्कारत बाहेर पडला. भोक मिटू नये म्हणून त्याने एरंडाच्या पानाचा पोकळ देठ त्यात घातला आणि कितीतरी वेळ गळ्यावरून गाठ वर चोळत राहिला. शेवटी शेळीने ती ओकली. दगडाच्या माराने पिचलेली, बोरापेक्षा मोठी.

दिवस कलता शेळी उभी राहिली, पण पाय फाकवून, मान खाली घालून. तिने पाण्याला तोंड लावलं नाही. रक्ताचं पातं केशरबाईने खोलीत येऊ दिलं नाही. ती बाळापासून हलली नाही, नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. उजेड होता तोवरच कानिफनाथ पेला घेऊन शेळीखाली बसला. चार वेळा ओढल्यावर एक धार आली, मग थेंब. पेल्याचा तळ झाकला, तेवढंच.

केशरबाईने ते पाणी न घालता तसंच बोळ्याने पाजलं. बाळाने दोनदा तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा गिळलं. तिघंही त्या इवल्या गळ्याकडे बघत राहिली.

"सकाळी देईल का वो ती?" केशरबाईने विचारलं.

कानिफनाथ बाहेर जाऊन शेळीच्या कुशीला हात लावून बसला.